कुरळ्या केसांना तेल-फणीची शिक्षा कशाला?

मंडळी, आज जरा भांडायला आले आहे. विषय केसांचा आहे, म्हणून काही काका लोक इथूनच पुढं सरकतील. त्यांनी सरकू नये. मुलींच्या केसांवरचे निम्मे शेरे त्यांचेच असतात.

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत कुरळ्या केसांवर पिढ्यान् पिढ्या एकच इलाज चालत आला. वाटीभर तेल, बारीक दातांची फणी आणि डोळे ताणले जातील अशा दोन घट्ट वेण्या. आता फणीच्या जागी पार्लरमधलं केराटिन आणि स्मूदनिंग आलंय. साधन बदललं, हुकूम तोच राहिला: केस सरळ आण. माझं म्हणणं एवढंच आहे की कुरळ्या केसांना बाहेरून वळण लावायचं नसतं, त्यांना जे वळण आहे तेच नीट दिसू द्यायचं असतं. ते कसं करायचं हे शिकता येतं, त्याला फार पैसे लागत नाहीत आणि त्याचं अर्धं सामान आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

आमचं घराणं होळकरांच्या नोकरीत इथं आलं, पाच पिढ्या झाल्या. मी रामबागेत वाढले. केस वडिलांच्या आईकडून आलेले, स्प्रिंगसारखे. त्या केसांना मिळालेली नावं अजून पाठ आहेत: झिपरी, घोसाळ्याची जाळी, कावळ्याचं घरटं, केरसुणी. शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, "काय गं, आज कंघी नाही केली का? किती फैलून राहिलेत केस!" मी तर अर्धा तास कंघी करूनच निघालेली असायची. फैलून राहिले होते ते त्या कंघीमुळेच, पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण.

शाळेत तर नियमच होता. दोन वेण्या, वर बांधलेल्या, रिबिनी पांढऱ्या. कपाळावर एक बट जरी सुटली तरी प्रार्थनेच्या वेळी ओळीतून बाहेर. बाईंच्या टेबलावर तेलाची बाटली ठेवलेली असे. ज्या मुलींचे केस उपजतच सरळ, त्यांच्यावर कधी ती वेळ आली नाही. त्या 'व्यवस्थित' आणि आम्ही दोघी-तिघी 'गबाळ्या'. दहा वर्षांच्या मुलीला रोज सगळ्यांसमोर गबाळी म्हटलं की तिला ते खरं वाटायला लागतं.

घट्ट वेण्यांचा हिशेब पुढं शरीरानं चुकता केला. कानशिलांजवळचे आणि कपाळावरचे माझे केस तिशीतच मागं सरकले, ते परत आले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. म्हणजे वर्षानुवर्षं केस ओढून बांधल्यामुळे मुळंच दमून जातात. सुरुवातीला ताण थांबवला तर केस परत येतात, उशीर झाला तर नाही. आपल्याकडं कित्येक बायकांचा भांग असा रुंद होत गेलेला मी पाहते आणि सगळ्या म्हणतात, "वय झालं गं."

आता गंमत बघा. आपल्याला कुरळे केस आवडत नाहीत असंही नाही! जावळ काढेपर्यंत तेच केस म्हणजे बाळकृष्ण. फोटो काढायचे, दृष्ट काढायची, "कित्ती गोड कुरळं जावळ!" तीच पोर पाच वर्षांची झाली की झिपरी. माझ्या पिढीत दर दोन घरांत एक अलका होती. अलक म्हणजे काय? कपाळावर रुळणारी कुरळी बट. म्हणजे पोरीचं नावच कुरळ्या बटेवरून ठेवायचं आणि तिच्या कपाळावरची बट पाण्यानं चापून बसवायची. देवळातल्या आणि लेण्यांतल्या बुद्धमूर्ती आठवा, डोक्यावर शंखासारखी लहान लहान वेटोळी. देवाला चालतं, बुद्धाला चालतं, फक्त सातवीतल्या मुलीला चालत नाही.

केस कुरळा का होतो तेही सांगते, कारण 'निगा राखत नाहीत म्हणून असे झाले' हा गैरसमज अजून मेलेला नाही. केस ज्या मुळातून उगवतो तो कप्पा वाकडा असला की केस वळत वळतच बाहेर येतो. हे जन्मजात असतं. डोक्याच्या त्वचेतून जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं. कुरळ्या केसाच्या वळणावळणांतून ते खाली पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. आणि कुरळे केस एकेकटे राहत नाहीत, ते शेजारच्यांना धरून बट करतात. कोरड्या केसांत बारीक फणी घातली की ती बट फुटते, शंभर केस शंभर दिशांना जातात आणि डोक्यावर ढग उभा राहतो. मग आपण म्हणतो, बघ, किती विस्कटलेत, अजून विंचर!

इथं आजीच्या तेलाची बाजू मी घेणार आहे, कारण तेलाला शिव्या घालणं ही आता दुसरी फॅशन झाली आहे. २००३ साली रेळे आणि मोहिले या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल तेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची त्यांनी तुलना केली. केस धुताना-विंचरताना त्यांतलं जे प्रथिन निघून जातं ते फक्त खोबरेल तेलानं कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावणारी आजी बरोबर होती. पण ते तेल न्हाण्याआधी लावायचं आणि धुऊन टाकायचं. धुतलेल्या केसांवर वाटीभर तेल थापून, त्यांना चिकटवून, वर वेणी आवळणं ही निगा नाही. ती शिस्तीची कवायत आहे.

मग करायचं काय? नीट लिहिते, आयांनी वाचून ठेवावं.

पहिली गोष्ट, गुंता सोडवायचा तो ओल्या केसांत, आणि नुसत्या पाण्यानं ओल्या नाही. शाम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला लावायचा, लांबीवर चोळायचा नाही. मग केसांवर भरपूर कंडिशनर लावून, केस बुळबुळीत झाल्यावर मोठ्या दातांचा कंगवा किंवा सरळ बोटं घालायची. सुरुवात टोकापासून. टोकाचा गुंता सुटला की दोन बोटं वर, मग आणखी वर. आपण मुळापासून खाली खेचत आणतो, सगळा गुंता टोकाशी गोळा होतो आणि पोर रडते. एकदा हे झालं की पुढच्या न्हाण्यापर्यंत कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही. हो, रोज नाही. हे ऐकून पुष्कळ सासवांना घेरी येते.

दुसरी, केसांचा आकार ठरतो तो ते वाळत असताना. केसाच्या आत बारीक बारीक जोड असतात, ते पाण्यानं सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळेल तो आकार पुढच्या ओलाव्यापर्यंत टिकतो. म्हणून जे लावायचं ते केस निथळत असताना लावायचं. दोन्ही तळव्यांना जेल घ्यायची, नमस्कारासारखे हात जोडून त्यामध्ये केसांची एक बट धरायची आणि वरून खाली हात फिरवायचे. मग डोकं एका बाजूला झुकवून, बटा खालून तळहातात गोळा करून वर मुळाकडं हलकेच दाबायच्या आणि सोडायच्या. ओल्या फडक्यातून पाणी दाबून काढावं तसा 'चुळुक चुळुक' आवाज येतो. तो आवाज आला की पाणी पुरेसं आहे. याला स्क्रंच करणं म्हणतात. पुढच्या ज्या दोन-चार बटा ऐकत नाहीत, त्या बोटाभोवती गुंडाळून सोडायच्या, आपण कुरडईचा वळसा घालतो तशा.

तिसरी, टॉवेल. खरखरीत टॉवेलनं घासून केस पुसणं बंद. घरात जुना मऊ पंचा असेल, धुऊन धुऊन मलमल झालेला, तो घ्या. पंचा पलंगावर पसरायचा, वाकून बटा त्यावर घडीसारख्या टेकवायच्या आणि पंचा डोक्याला बांधायचा. वीस मिनिटं. परदेशातल्या मुली यासाठी जुना टी-शर्ट वापरतात. आपल्याकडं पंचा आहे, त्याहून बरा.

चौथी गोष्ट सगळ्यांत जास्त घाबरवते. जेल वाळली की केस कडक होतात, कुरकुरीत पापडासारखे. पोरी इथंच घाबरून परत धुतात. धुवायचं नाही. तो कडकपणा म्हणजे साचा आहे. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मग तळहातावर दोन थेंब तेल चोळायचं आणि बटा पुन्हा तशाच खालून वर दाबायच्या. साचा फुटतो, आत मऊ वळणदार बट तयार असते. आजीचं तेल इथं परत येतं, पण वाटीभर नाही, दोन थेंब.

आता जेल. बाजारातलीच हवी असं मुळीच नाही. सियागंजातून पावशेर जवस आणा. नाहीतरी चटणीसाठी आणतोच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, ढवळत राहायचं. भेंडीच्या चिकटासारखी तार सुटली की बंद. गरम असतानाच पातळ ओढणीतून गाळून घ्यायचं, थंड झाल्यावर ते बापजन्मात गळणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्यायचं. खर्च तुम्हीच काढा.

रात्री उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला, सुती अभ्र्यावर केस घासले जातात. केस डोक्यावर उंच, सैल गोळा करून बांधायचे. सकाळी हात ओले करून बटा दाबल्या की पुरे.

इथं गोव्याचे, बडोद्याचे, हैदराबादचे, बेळगावचे लोक आहेत म्हणून एक इशारा. हवा आणि पाणी बघून घ्या. गोव्याच्या मावसबहिणीनं ग्लिसरीनवाली क्रीम लावली की पावसाळ्यात तिचे केस फुगून दुप्पट होतात, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. आमच्या माळव्यात मे महिन्याच्या लूमध्ये हवेत ओलावाच नसतो, ते ओढणार कुठून? तसंच पाण्याचं. नर्मदेचं पाणी आणि बोअरिंगचं पाणी यांत केसांना फरक कळतो. जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात, केस राठ होतात आणि कुठलीही जेल फसते. शेवटचे दोन तांबे तरी बरं पाणी घ्या. मुंबईच्या कुणीतरी सांगितलेलं जसंच्या तसं करून "आपल्याकडं चालत नाही" म्हणू नका.

आता आक्षेप. ते मला तोंडपाठ आहेत.

"हे परदेशी खूळ आहे." खूळ नाही, पण शिकलोय बाहेरून, हे मान्य करायला लाज कसली? लॉरेन मॅसी यांचं 'कर्ली गर्ल' हे पुस्तक २००१ साली आलं, तिथून ही पद्धत जगभर पसरली. पण बोटांनी बटा वळवणं, पीळ घालून ते उलगडणं हे कसब त्याआधीपासून आफ्रिकी वंशाच्या बायकांनी जपलेलं आहे. त्यांचे केस आपल्याहून कितीतरी घट्ट वळणाचे आणि त्यांनी सोसलेलं आपल्याहून कितीतरी जास्त. अमेरिकेत शाळा आणि नोकरीत केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा करावा लागला, पहिल्यांदा कॅलिफोर्नियात, २०१९ साली. तिथं कायदा झाला आणि इथं आमच्या मुलीला कार्यक्रमाला निघताना घरातलेच सांगतात, "केस नीट करून ये." ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं ऋण मानायचं आणि पंचा नि जवस आपले वापरायचे. इंदूरच्या पोह्यांवर आपण जिरावण आणि शेव घातलीच ना? मग इथं का अडतं?

"वेळ कुणाला आहे?" आठवड्यातून दोनदा पाऊण तास, बाकीचे दिवस पाच मिनिटं. रोज सकाळी अर्धा तास गुंत्याशी मारामारी आणि पोरीचं रडणं याला वेळ होता ना?

"लग्नाच्या बाजारात कसं दिसेल?" हा खरा आक्षेप, बाकीचे त्याचे मुखवटे. आमच्या नात्यातल्या एका मुलीला साखरपुड्याआधी होणाऱ्या सासूबाईंनी गोड शब्दांत सुचवलं की स्मूदनिंग करून घे, फोटो छान येतील. मुलगी इंजिनिअर, पगार नवऱ्यापेक्षा जास्त. तिनं करून घेतलं. चार तास नाकाला रुमाल, डोळ्यांतून पाणी. सहा महिन्यांत मुळाशी कुरळे, खाली काडीसारखे सरळ, मधे तुटलेले. म्हणून परत पार्लर. हे एकदा सुरू झालं की थांबत नाही.

त्या धुराबद्दलही बोलू. अशा कित्येक क्रीमांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. ते नको म्हणून ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिडवाली क्रीम आली, 'फॉर्मल्डिहाइड फ्री' म्हणून. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद आली: तीन वर्षांत तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. सगळ्यांनाच असं होतं असं मी म्हणत नाही. पण सरळ केसांच्या चार फोटोंसाठी मुलीला हा जुगार खेळायला लावणारे आपण कोण? आणि त्या खुर्चीमागं दिवसभर उभं राहून तो धूर ओढणारी पार्लरमधली पोरगी, तिचा विचार तर कुणीच करत नाही.

दुसऱ्या बाजूच्या दुकानदारांनाही सोडत नाही. आता कुरळ्यांचाही बाजार भरलाय. टू-ए, थ्री-बी असे नंबर, प्रत्येक नंबराची वेगळी डबी, डबी दीड हजाराची. कॉलेजातल्या मुली आधी न्यूनगंडापायी पैसे घालवत होत्या, आता अभिमानापायी घालवतात. एक साधा शाम्पू, एक कंडिशनर, जवस, पंचा, आणि पाणी. यात ज्यांचं भागत नाही त्यांनीच पुढं जावं.

माझ्या मागण्या तीन आहेत. शाळा चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी नियमात 'केस स्वच्छ आणि बांधलेले' एवढंच लिहावं, तेल आणि वेणीची संख्या काढून टाकावी. सैल बांधलेले कुरळे केससुद्धा बांधलेलेच असतात. गणेशोत्सवात पोरींना नाच बसवणाऱ्या ताई-काकूंनी सगळ्यांना एकसारखं दिसण्यासाठी इस्त्री फिरवू नये. घाईत फिरवलेल्या त्या इस्त्रीनं जळालेला केस परत वळत नाही, तो कापावा लागतो. आणि घरातल्यांनी, काकांसकट, मुलीच्या केसांवर शेरा मारण्याआधी तिला विचारावं की आज काय लावलंस. ती सांगेल. पाच मिनिटं ऐका.

माझी नात आता आठ वर्षांची आहे, केस माझेच घेऊन आली. तिच्या आईनं तिला स्वतःच्या हातानं स्क्रंच करायला शिकवलंय. मागच्या महिन्यात कुणीतरी तिला म्हणालं, "अगं, विंचरले नाहीस का केस?" ती म्हणाली, "विंचरले, काल, न्हाताना." आणि खेळायला गेली. विषय संपला. आमच्या वेळी तोच विषय दहा वर्षं चालला होता.

ज्यांना जवसाची जेल जमत नाही, पातळ होते किंवा गळत नाही, त्यांनी खाली लिहा. किती पाणी, किती वेळ उकळलं ते सांगा, म्हणजे नेमकं सांगता येईल. आणि ज्यांच्याकडं जुने पंचे आहेत, त्यांनी फरशी पुसायला काढू नका.